पराभव पदरात घेणारा प्रशिक्षक

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात १९७० सालचा हिवाळा मोठ्या नाराजीत सुरू झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस अलाबामा विद्यापीठाचा फुटबॉल संघ आपल्या सख्ख्या शेजाऱ्याकडून, ऑबर्न विद्यापीठाकडून, ३३-२८ असा हरला. या सामन्यात प्रारंभीच १७ गुणांची आघाडी हाती आली होती, आणि तीही टिकवता आली नाही. हंगामातला हा पाचवा पराभव होता. आदल्या वर्षीही पाचच पराभव पदरी आले होते. दोन हंगामांत दहा पराभव ही गोष्ट ज्या चाहत्यांनी १९६१ ते १९६६ या सहा वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदे पाहिली होती, त्यांच्या पचनी पडणे शक्य नव्हते. मग जे सर्वत्र घडते तेच तेथेही घडले. गर्दीची नजर खेळाडूंवरून सरकली आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या, डोक्यावर चौकड्यांची हॅट घातलेल्या सत्तावन्न वर्षांच्या उंचापुऱ्या माणसावर स्थिरावली. या माणसाचे दिवस संपले काय, हा प्रश्न आता कुजबुजीतून उघड चर्चेत आला होता.

तो माणूस म्हणजे पॉल विल्यम ब्रायंट. अमेरिकेला ते 'बेअर' ब्रायंट, म्हणजे 'अस्वल' ब्रायंट या नावाने परिचित आहेत. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ प्रशिक्षकांची कोणतीही यादी त्यांच्या नावावाचून पूर्ण होत नाही. मात्र त्यांच्या विजयांच्या राशीपेक्षा या दोन अपयशी वर्षांत आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत त्यांनी काय केले, हे अधिक उद्बोधक आहे. पडलेला संघ उभा करणे हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. १९७० मध्ये प्रथमच असे झाले, की पडलेला संघही त्यांचाच होता आणि पाडणारेही तेच होते.

आपल्याकडील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा, पायाने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकत, प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडत शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे सरकण्याचा हा अंगमेहनतीचा आणि डावपेचांचा खेळ आहे. व्यावसायिक संघांइतकाच, किंबहुना काही राज्यांत त्यांच्याहूनही अधिक, जीव लोक विद्यापीठांच्या संघांवर टाकतात. अलाबामात तर मोठा व्यावसायिक संघच नाही. टस्कलूसा या गावी असलेल्या विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही कधी चढलेली नाही असे शेतकरी आणि कामगार शनिवारच्या सामन्यासाठी आठवडाभर वाट पाहतात. दारिद्र्य, मागासलेपण आणि वर्णद्वेषाची अपकीर्ती यांनी ग्रासलेल्या राज्याला देशापुढे ताठ मानेने उभे राहण्याची जागा म्हणून हे एकच मैदान उरले होते. त्यामुळे तेथे प्रशिक्षकाचा पराभव हा एका नोकरदाराचा पराभव राहत नाही.

ब्रायंट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१३ रोजी आर्कान्सॉ राज्यातील मोरो बॉटम या वस्तीत झाला. बारा भावंडांतले ते अकरावे; त्यांपैकी तीन बालपणीच दगावली. वडील दीर्घकाळ आजारी असल्याने शेतीचा भार आईवर होता. खेचराच्या गाडीत भाजीपाला, दूध, अंडी घालून मायलेक जवळच्या फोर्डाइस गावात विकायला जात. गावातली मुले या खेडवळ गाडीवानाची थट्टा करीत, आणि तो अपमान ब्रायंट आयुष्यभर विसरले नाहीत. पुन्हा त्या गाडीवर बसावे लागेल या भीतीने आपण धावत राहिलो, असे ते पुढे सांगत. तेरा वर्षांचे असताना गावात आलेल्या एका खेळात पाळीव अस्वलाशी कुस्ती खेळण्याचे आव्हान त्यांनी स्वीकारले. कुस्तीचे ठरलेले पैसे मिळाले नाहीत; नाव मात्र कायमचे चिकटले.

फुटबॉलने त्यांना त्या गाडीवरून खाली उतरवले. फोर्डाइसच्या शाळेने १९३० मध्ये राज्याचे अजिंक्यपद पटकावले आणि दुसऱ्या वर्षी ब्रायंट अलाबामा विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांचे गुरू होते फ्रँक थॉमस. थॉमस हे नोत्र दाम विद्यापीठाच्या विख्यात न्यूट रॉकनी यांच्या तालमीत तयार झालेले. या संघाने १९३४ चा हंगाम अपराजित राहून पूर्ण केला आणि १९३५ च्या प्रारंभी रोझ बाउल सामन्यात स्टॅनफर्डला २९-१३ असे नमवले. संघाचा खरा तारा होता डॉन हटसन. ब्रायंट हे दुसऱ्या टोकाला खेळणारे, स्वतःच विनोदाने म्हणत त्याप्रमाणे, 'दुसरे टोक'. गुणवत्तेत आपण थोर नाही हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. सोसण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९३५ मध्ये टेनेसीविरुद्ध ते पायाचे हाड मोडलेले असतानाही खेळले आणि अलाबामाने तो सामना २५-० असा जिंकला. सोसणे हेच सर्वस्व, हा धडा त्यांनी येथेच घेतला. या धड्याने त्यांना जितके दिले, तितकेच त्यांच्याकडून चुकवूनही घेतले.

साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काही वर्षे काढल्यावर दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात गेले. युद्ध संपताच १९४५ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षकपद दिले. आदल्या हंगामात या संघाने नऊपैकी एकच सामना जिंकला होता. ब्रायंट यांच्या पहिल्याच वर्षी सहा विजय मिळाले. परंतु शिस्तभंगासाठी त्यांनी काढून टाकलेल्या एका खेळाडूला विद्यापीठाच्या अध्यक्षांनी परस्पर परत घेतले आणि एका साहाय्यकालाही दूर केले. ब्रायंट यांनी तत्काळ राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, तरी ते थांबले नाहीत.

पुढचा मुक्काम केंटकी. हा संघही आदल्या वर्षी दहापैकी आठ सामने हरलेला. ब्रायंट यांनी पहिल्याच हंगामात सात सामने जिंकले आणि आठ वर्षांत केंटकीला त्या विद्यापीठाने पूर्वी कधी न पाहिलेल्या उंचीवर नेले. १९५० मध्ये साउथईस्टर्न परिषदेचे विजेतेपद मिळाले, आणि १९५१ च्या पहिल्या दिवशी शुगर बाउलमध्ये केंटकीने ओक्लाहोमाला १३-७ असे हरवून त्यांच्या सलग ३१ विजयांची मालिका खंडित केली. पण केंटकी हे मुळात बास्केटबॉलचे राज्य. तेथे अडॉल्फ रप यांच्या बास्केटबॉल संघापुढे फुटबॉलला दुय्यम स्थान राहणार, हे ध्यानी येताच ब्रायंट यांनी १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एम गाठले.

येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण घडले. संघातील खेळाडू मऊ झाले आहेत, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी सुमारे शंभर तरुणांना बसमध्ये घालून जंक्शन नावाच्या दूरच्या गावी नेले. टेक्सास तेव्हा भीषण दुष्काळात होरपळत होते. उघड्या, खडकाळ, काटेरी मैदानावर, सप्टेंबरच्या रखरखीत उन्हात दहा दिवस सराव चालला. सरावाच्या वेळी पाणी द्यायचे नाही, अशी त्या काळच्या अनेक प्रशिक्षकांप्रमाणे त्यांचीही समजूत होती. मुले रात्रीच्या अंधारात सामान उचलून पळू लागली. एका खेळाडूला उष्माघात होऊन तो मरणाच्या दारातून परतला. शिबिर संपले तेव्हा जेमतेम पस्तीस जण उरले होते. एवढे करून निष्पन्न काय झाले? १९५४ च्या हंगामात दहापैकी एकच विजय. ब्रायंट यांच्या प्रशिक्षकीय कारकिर्दीतील हा एकमेव हंगाम, ज्यात विजयांहून पराभव अधिक झाले.

पुढे १९५६ मध्ये या संघाने एकही सामना न गमावता साउथवेस्ट परिषदेचे विजेतेपद मिळवले, आणि तेव्हापासून जंक्शनची गोष्ट शौर्यगाथा म्हणून सांगितली जाऊ लागली. पण या गाथेतल्या शौर्याचे श्रेय सोसणाऱ्यांना द्यावे. सोसायला लावणाऱ्याला ते देताना हात आखडता घ्यावा हेच उचित. स्वतः ब्रायंट यांनाही उत्तरायुष्यात त्या दहा दिवसांचा पस्तावा वाटत राहिला. पंचवीस वर्षांनी, १९७९ मध्ये, जंक्शनच्या त्या खेळाडूंनी स्नेहसंमेलन भरवून त्यांना एक अंगठी भेट दिली. विजेतेपदांच्या कितीतरी अंगठ्या घरी असताना मृत्यूसमयी त्यांच्या बोटात होती ती हीच, एक विजय आणि नऊ पराभवांच्या वर्षाची अंगठी.

इकडे अलाबामात त्याच काळात चाहत्यांच्या सहनशीलतेचा अंत होत होता. फ्रँक थॉमस यांनी उभारलेले वैभव लयाला गेले होते. जेनिंग्ज व्हिटवर्थ यांच्या हाती १९५५ मध्ये संघ आला आणि त्या वर्षी दहाच्या दहा सामने हरला. पुढची दोन वर्षे प्रत्येकी दोनच विजय. तीन हंगामांत ४ विजय, २४ पराभव आणि २ बरोबरी, असा हिशेब. १९५७ मध्ये ऑबर्नने ४०-० असा फडशा पाडला, आणि त्याच वर्षी ऑबर्न राष्ट्रीय विजेताही ठरला. अलाबामाच्या चाहत्याला यापरता अपमान कोणता? सारा राग व्हिटवर्थ यांच्यावर निघाला. खरे तर साहाय्यक निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्यही त्यांना मिळाले नव्हते. पण गर्दीला असा तपशील ऐकण्याची उसंत नसते. व्हिटवर्थ यांची गच्छंती झाली आणि साऱ्यांच्या नजरा माजी खेळाडू ब्रायंट यांच्याकडे वळल्या.

या बदलाची किंमत टेक्सासच्या चाहत्यांनी मोजली. १९५७ च्या हंगामात ए अँड एम देशात पहिल्या क्रमांकावर पोचला असतानाच ब्रायंट अलाबामाला जाणार ही बातमी फुटली, आणि पुढचे तिन्ही सामने तो संघ अगदी थोडक्या फरकाने हरला. ब्रायंट यांचे स्पष्टीकरण साधे होते. आईने हाक मारल्यावर मुलाने जायचेच असते, असे ते म्हणाले. अलाबामाला हे वाक्य अमृतासारखे वाटले. टेक्सासमध्ये ज्यांच्या हातून विजेतेपद निसटले त्यांना ते कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

१९५८ च्या पहिल्याच हंगामात अलाबामाने पाच सामने जिंकले, म्हणजे आधीच्या तीन वर्षांच्या एकूण विजयांपेक्षा एक अधिक. १९६१ मध्ये संघ अपराजित राहून राष्ट्रीय विजेता ठरला. त्या संपूर्ण हंगामात अकरा सामने मिळून प्रतिस्पर्ध्यांना केवळ २५ गुण करता आले. १९६४ आणि १९६५ मध्येही राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. शिस्त इतकी कडक, की १९६३ मध्ये जो नेमथ या आपल्या सर्वोत्तम खेळाडूला नियमभंगासाठी हंगामाच्या ऐन शेवटी त्यांनी बाहेर बसवले, आणि त्याच्याविना उरलेले दोन्ही सामने जिंकून दाखवले. रविवारी दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमात ते आदल्या दिवशीच्या सामन्याची चित्रफीत दाखवीत, घोगऱ्या आवाजात एकेका खेळाडूचे गाव आणि आईवडिलांचे नाव घेत. विजय झाला की तो मुलांनी मिळवला, पराभव झाला की तो आपल्यामुळे, हा त्यांचा ठरलेला शिरस्ता होता.

मात्र या वैभवाच्या मागे एक बंद दार होते. ब्रायंट यांच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांनी ११ जून १९६३ रोजी दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश रोखण्यासाठी विद्यापीठाच्या दारात उभे राहण्याचे नाटक केले, ते याच टस्कलूसामध्ये. त्याच वर्षी जवळच्या बर्मिंगहॅममध्ये चर्चमधील बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. विद्यापीठाचे वर्ग त्या वर्षी खुले झाले. फुटबॉलच्या मैदानाला मात्र आणखी आठ वर्षे लागली. १९६६ मध्ये अलाबामाने सर्वच्या सर्व अकरा सामने जिंकले, तरी मतदानाने ठरणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत त्यांना तिसरे स्थान मिळाले. केवळ गोऱ्यांच्या संघाविषयी देशभर निर्माण झालेली नाराजी त्यामागे होती, असे अनेकांचे मत आहे. १९६७ मध्ये केंटकीने आणि १९६८ मध्ये टेनेसीने कृष्णवर्णीय खेळाडूंना मैदानात उतरवले. ज्या माणसाच्या शब्दाला अलाबामात राज्यपालाच्या शब्दाइतके वजन होते, त्याने तो शब्द खर्च केला नाही. परिस्थिती अनुकूल नव्हती, असे त्यांचे समर्थक म्हणतात. ते काही अंशी खरेही आहे. पण परिस्थिती अनुकूल करण्याचे सामर्थ्य त्या राज्यात ज्या मोजक्या माणसांजवळ होते, त्यांत ब्रायंट यांची गणना होते, हेही तितकेच खरे आहे. १९६९ मध्ये विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे दाराच्या बिजागऱ्या हलू लागल्या.

आणि १९६९ हेच घसरणीचे वर्ष ठरले. ही घसरण एकाएकी आलेली नव्हती. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी नियमानुसार त्याच अकरा जणांना बहुतांश वेळ आक्रमण आणि बचाव दोन्ही करावे लागत. त्यासाठी ब्रायंट यांनी लहान चणीचे, चपळ आणि दमदार खेळाडू घडवले होते. दशकाच्या मध्यास खेळाडू बदलण्यावरील बंधने उठली. आक्रमणासाठी वेगळे आणि बचावासाठी वेगळे, धिप्पाड आणि तरबेज खेळाडू खेळवण्याची सोय झाली. इतर संघ बदलले. अलाबामाचे छोटे वीर त्यांच्यापुढे तोकडे पडू लागले. १९६८ च्या पहिल्या दिवशी कॉटन बाउलमध्ये ब्रायंट यांना त्यांच्याच शिष्याने, जंक्शनच्या शिबिरातून तावून सुलाखून निघालेल्या जीन स्टॉलिंग्ज यांनी, टेक्सास ए अँड एमचे प्रशिक्षक म्हणून २०-१६ असे हरवले. सामना संपताच ब्रायंट यांनी शिष्याला चक्क उचलून घेतले. तो पराभव कौतुकाचा होता. पुढचे तसे नव्हते. १९६९ मध्ये दुबळ्या समजल्या जाणाऱ्या व्हँडरबिल्टकडून हार, टेनेसीकडून ४१-१४, ऑबर्नकडून ४९-२६ आणि वर्षाअखेरीस कोलोरॅडोकडून ४७-३३. ज्या बचावफळीने कधी काळी अख्ख्या हंगामात २५ गुण दिले, ती आता एकेका सामन्यात त्याच्या जवळपास दुप्पट देऊ लागली होती. चाहत्यांची तक्रार निराधार होती, असे कोण म्हणेल?

याच वेळी पळवाटही समोर आली. मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाने भरघोस पैसा देऊ करून ब्रायंट यांना बोलावले. मेरीलँड, केंटकी आणि टेक्सास सोडून आलेल्या माणसाला आणखी एक गाव सोडणे अवघड नव्हते. पण यावेळी त्यांनी मोह टाळला. ढासळलेले घर तसेच टाकून जाणे त्यांच्या मनाला पटले नसावे.

१२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ आला. त्याचे प्रशिक्षक जॉन मकाय हे ब्रायंट यांचे जिवलग मित्र. त्यांच्या संघात सॅम कनिंगहॅम नावाचा कृष्णवर्णीय तरुण होता. त्याने १३५ यार्डांची धाव घेतली, दोन टचडाऊन केले आणि पाहुण्यांनी ४२-२१ असा विजय मिळवला. या एका संध्याकाळीने अलाबामाचे डोळे उघडले आणि वर्णभेद संपला, अशी दंतकथा पुढे रूढ झाली. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला ब्रायंट यांनी त्याआधीच शिष्यवृत्ती दिली होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघातून खेळता येत नसल्याने तो प्रेक्षकांत बसून हा सामना पाहत होता. कनिंगहॅमच्या खेळाने दार उघडले नाही. उघडू लागलेल्या दाराला विरोध करणाऱ्यांची तोंडे मात्र बंद केली. आपल्या संघाच्या पराभवाने चिडलेल्या गोऱ्या चाहत्याला त्या दिवशी आपल्या दुरवस्थेचे एक कारण स्वतःच्याच पूर्वग्रहात दिसले असेल, तर तो त्या पराभवाचा लाभच म्हणायचा.

तो हंगामही रखडत संपला. आता ब्रायंट यांच्यापुढे दोन मार्ग होते. खेळाडूंवर खापर फोडून जंक्शनसारखा आणखी एक वणवा पेटवायचा, किंवा आपले स्वतःचेच शास्त्र नव्याने लिहायचे. जंक्शनच्या वेळी चाळिशीत असलेल्या ब्रायंट यांनी कदाचित पहिला मार्ग निवडला असता. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी दुसरा निवडला. १९७१ च्या उन्हाळ्यात ते विद्यार्थी होऊन टेक्सास विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडे गेले. रॉयल यांचे साहाय्यक एमरी बेलार्ड यांनी 'विशबोन' नावाची व्यूहरचना विकसित केली होती. कोंबडीच्या छातीतील दुबेळक्याच्या आकाराच्या हाडावरून तिला हे नाव पडले. चेंडू हाती घेणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीशी तीन धावपटू त्या आकारात उभे राहतात. चेंडू मधल्या धावपटूच्या हाती द्यायचा, स्वतः घेऊन धावायचे, की ऐनवेळी कडेच्या साथीदाराकडे टाकायचा, याचा निर्णय क्वार्टरबॅक समोरच्या बचावपटूची हालचाल पाहून क्षणार्धात घेतो. चेंडू फेकण्यावर भिस्त ठेवणारी आधीची पद्धत त्यांनी सोडून दिली. तीनच राष्ट्रीय विजेतेपदे नव्हे, तर अवघी कीर्ती ज्या विद्येवर उभी होती, ती बाजूला ठेवून आपल्याहून वयाने लहान असलेल्या प्रशिक्षकाकडून नवी विद्या शिकणे, हे अस्वलाशी कुस्ती खेळण्यापेक्षा निश्चितच कठीण होते.

ऑगस्टमध्ये खेळाडू परतले तेव्हा त्यांना हा बदल सांगण्यात आला. सराव बंद कुंपणाआड चाले. पत्रकार आले की संघ जुन्याच पद्धतीने खेळून दाखवी. एवढ्या खेळाडूंनी आणि साहाय्यकांनी हे गुपित पोटात ठेवले, हाही एक चमत्कारच. १० सप्टेंबर १९७१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाशी पुन्हा गाठ पडली, आणि अनपेक्षित व्यूहापुढे गोंधळलेल्या यजमानांना अलाबामाने १७-१० असे हरवले. त्या दिवशी अलाबामाच्या पोशाखात मैदानात उतरला होता जॉन मिचेल, मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. मूळचा अलाबामातील मोबील गावचा हा तरुण सदर्न कॅलिफोर्नियाकडेच जाणार होता. मकाय यांच्या बोलण्यातून ही गोष्ट ब्रायंट यांच्या कानी आली, आणि त्यांनी त्याला तातडीने आपल्याकडे वळवले. पुढच्याच वर्षी खेळाडूंनी मिचेलला सहकर्णधार निवडले आणि १९७३ मध्ये ब्रायंट यांनी त्याला साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नेमले. १९७३ चा सहकर्णधार होता विल्बर जॅक्सन.

त्यानंतरचा इतिहास आकड्यांतच सांगावा लागतो. १९७१ ते १९७९ या नऊ हंगामांत अलाबामाने ९७ सामने जिंकले आणि केवळ ११ गमावले. १९७३, १९७८ आणि १९७९ अशी आणखी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळून संख्या सहावर गेली. २८ नोव्हेंबर १९८१ रोजी ऑबर्नला २८-१७ असे हरवून ब्रायंट यांनी कारकिर्दीतील ३१५ वा विजय नोंदवला आणि आमोस अलोन्झो स्टॅग यांचा ३१४ विजयांचा विक्रम मोडला. १९७० मध्ये चाहत्यांच्या संतापाला मान तुकवून विद्यापीठाने त्यांना निरोप दिला असता, किंवा रागावून तेच निघून गेले असते, तर यातले काहीच घडले नसते. पण एवढ्यावरून चाहते चुकले आणि प्रशिक्षक बरोबर होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संघ चुकीच्या रीतीने चालवला जात आहे, हे चाहत्यांचे निदान अचूकच होते. चुकीचा होता तो त्यांचा उपाय. माणूस बदलण्याची त्यांची मागणी होती. येथे माणसाने स्वतःलाच बदलले.

काळ मात्र कोणालाच माफ करत नाही. १९८२ मध्ये पुन्हा पराभव सुरू झाले. टेनेसी आणि लुइझियानाकडून हार झाली. सदर्न मिसिसिपीने तर टस्कलूसाच्या घरच्या मैदानावर हरवले, जेथे १९६३ पासून अलाबामा अजिंक्य होता. पाठोपाठ ऑबर्नने नऊ वर्षांच्या अपयशानंतर एका गुणाने, २३-२२ अशी बाजी मारली. यावेळी अलाबामात त्यांना जा म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते. ते काम त्यांनी स्वतःच केले. १५ डिसेंबर १९८२ रोजी निवृत्ती जाहीर करताना त्यांनी सांगितले, की या विद्यापीठावर आणि या मुलांवर आपले प्रेम आहे, पण या वर्षी आपण त्यांना जे मार्गदर्शन दिले त्याहून चांगल्या मार्गदर्शनावर त्यांचा हक्क होता. चिडलेल्या चाहत्याने जे म्हणायचे, तेच प्रशिक्षकाने स्वतःविषयी, भर सभेत आणि कोणी विचारले नसताना म्हटले.

२९ डिसेंबरला मेम्फिस येथे लिबर्टी बाउलमध्ये अलाबामाने इलिनॉयला २१-१५ असे हरवले. हा ब्रायंट यांचा अखेरचा सामना आणि ३२३ वा विजय. त्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी, २६ जानेवारी १९८३ रोजी, टस्कलूसाच्या रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ६९ वर्षांचे होते. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमच्या स्मशानभूमीपर्यंतच्या सुमारे नव्वद किलोमीटरच्या वाटेवर, महामार्गाच्या दुतर्फा आणि पुलांवर, हजारो लोक उभे होते. त्यांत गोरे होते, तसेच कृष्णवर्णीयही होते.

त्यांच्या पश्चात ज्यांनी ती गादी सांभाळली त्यांना या सावलीशी झगडावे लागले. जंक्शनच्या जीन स्टॉलिंग्ज यांनी १९९२ मध्ये अलाबामाला पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २००३ मध्ये ब्रायंट यांचा माजी खेळाडू सिल्व्हेस्टर क्रूम अलाबामाच्या प्रशिक्षकपदासाठी स्पर्धेत होता. विद्यापीठाने दुसऱ्याला निवडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपी स्टेटने क्रूमला नेमले. साउथईस्टर्न परिषदेतील तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य फुटबॉल प्रशिक्षक. ब्रायंट यांनी उशिरा उघडलेल्या दारातून पुढची खोली गाठायला आणखी बत्तीस वर्षे लागली, आणि तीही दुसऱ्याच्या घरात. २००७ मध्ये आलेल्या निक सेबन यांनी अलाबामाला सहा विजेतेपदे मिळवून देत ब्रायंट यांच्या आकड्याशी बरोबरी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झाले.

अलाबामातील चाहते आजही हरलेल्या शनिवारनंतर प्रशिक्षकाच्या नावाने बोटे मोडतात, आणि मोडत राहतील. तो त्यांचा अधिकार आहे. ज्याला संघाचे काही वाटते त्यालाच राग येतो. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला ते ब्रायंट यांच्या ३२३ विजयांच्या मापाने मोजतात. मोजायचेच झाले, तर १९७१ च्या त्या उन्हाळ्याच्या मापाने मोजावे, जेव्हा देशातील एका नामवंत गुरूने आपली चूक ओळखून दुसऱ्याच्या दारात शिष्य म्हणून बसणे पत्करले.